टेबल मोठं घ्या, पण समोरच्याच्या खुर्चीत एकदा बसून बघा

आजचा विषय वरवर बघितला तर फर्निचरचा आहे. पण शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल की तो आपल्या तालुक्याच्या इतिहासाचा आणि आपल्या सगळ्यांच्या कागदपत्रांचाही आहे. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या वडूजमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत नवीन घर बांधणाऱ्यांच्या नकाशात एक खोली वाढली आहे. हॉल, किचन, दोन बेडरूम, देवघर, आणि रस्त्याच्या बाजूला वेगळं दार असलेलं ‘ऑफिस’. वकील, कर सल्लागार, ठेकेदार, विमा प्रतिनिधी, जमिनीचे व्यवहार करणारे, नगरसेवक, करोनात पुण्याहून घरी आलेली आयटीतली पोरं, सगळ्यांना ही खोली लागते. खोली झाली की सुताराला पहिली ऑर्डर जाते टेबलाची. ऑर्डरही ठरलेली असते: “साहेबाचं असतं तसं पाहिजे.” सहा फूट बाय तीन फूट, सागवानी, वर काच, दोन्ही बाजूंना खण, समोरून बंद. मागं उंच पाठीची फिरती खुर्ची. आणि समोर? समोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

‘साहेबाचं असतं तसं’ म्हणजे नेमकं कसं, आणि ते तसं का असतं, याचा विचार आपण टेबल घेताना करत नाही. तो करायचा तर थोडं मागं जावं लागेल.

आपलं पहिलं घरचं ऑफिस

घरातून ऑफिस चालवणं ही करोनानं आणलेली गोष्ट आहे असं आपण समजतो. आपल्या भागात ती कित्येक पिढ्या जुनी आहे. गावातलं पहिलं घरचं ऑफिस म्हणजे कुलकर्ण्याची ओसरी. कुलकर्णी हा वतनदार. गावची जमीन कुणाच्या नावावर किती, सारा किती, बाकी किती, इनाम कुणाचं, हक्क कुणाचा, हे सगळं त्याच्या दफ्तरात. आणि दफ्तर त्याच्या घरात.

या ऑफिसात टेबल नव्हतं. जमिनीवर बैठक, पाठीला तक्क्या, पुढ्यात उतरत्या फळीचं बैठं डेस्क. फळी उचलली की आत कागद ठेवायची जागा. बाजूला दौत, बोरू आणि शाई सुकवायला बारीक वाळू. लिपी मोडी. कागदांचे गठ्ठे चौकोनी फडक्यात बांधायचे, त्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही कोट्यवधी मोडी कागद आहेत, आणि रुमाल हाच तिथला मोजायचा शब्द आहे. सांगायचा मुद्दा असा की त्या काळच्या ऑफिसचं लाकूडसामान एका माणसानं काखेत मारून न्यावं एवढंच होतं.

पण त्या छोट्या डेस्काची सत्ता छोटी नव्हती. स्वतःच्या जमिनीची नोंद बघायची तरी दुसऱ्याच्या घराची पायरी चढावी लागायची, आणि ती कुणाला किती चढू द्यायची हे त्या घराच्या हातात. कागद मोडीत, वाचता येणारे मोजके. जे वाचून दाखवलं जाईल ते खरं मानायचं.

ही गोष्ट आपल्या तालुक्याला नवी नाही. महात्मा जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं. त्यांच्या पणजोबांचं गावच्या कुलकर्ण्याशी वैर झालं आणि त्या पायी घराण्यानं गाव सोडलं, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. पुढं 1883 साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात अडाणी शेतकरी कागदाच्या आणि कचेरीच्या जाळ्यात कसा सापडतो याचं जे वर्णन आहे, ते हवेतून आलेलं नाही.

एक बाजू दुसरीही आहे, ती सांगितली पाहिजे. सगळ्याच दफ्तरांत लबाडी नव्हती, आणि घरांनी ती दफ्तरं सांभाळली म्हणून आज आपल्याला इतिहास लिहिता येतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली काढला, त्याचे कागद आपल्याच जिल्ह्यात वाईला मिळाले होते. कुणाच्या तरी वाड्यात, कुणाच्या तरी माळ्यावर ते टिकले होते. म्हणजे घरातल्या दफ्तरात कागद जपलाही जातो आणि अडवलाही जातो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

टेबल आलं कचेरीतून

1818 ला पेशवाई गेली. साताऱ्याचं छत्रपतींचं राज्य 1848 पर्यंत टिकलं, मग डलहौसीनं ते खालसा केलं. मामलेदार हा शब्द जुनाच राहिला. कचेरीत मात्र टेबल-खुर्ची आली.

बैठकीत मानापमान नव्हते असं नाही. गादीजवळ कोण, दाराशी कोण, अंगणात कोण हे ठरलेलं होतं, आणि काही जणांना तर अंगणाचीही बंदी. पण बैठकीत जे बसत ते एकाच पातळीवर बसत. टेबलानं यात नवी गोष्ट आणली. एक जण उंचावर बसतो, आणि बाकीचे उभे. उत्तर हिंदुस्थानात तर इंग्रज अधिकारी प्रतिष्ठित लोकांना ‘कुर्सीनशीन’ असा लेखी दाखला देत. अर्थ काय, तर या गृहस्थाला साहेबासमोर खुर्चीत बसायचा अधिकार आहे! बसण्यासाठी प्रमाणपत्र. आज हसू येतं, पण ज्याला ते मिळालं नाही त्याचा विचार करा.

‘साहेबाचं टेबल’ म्हणून जे आपल्या डोळ्यांपुढं येतं त्याची घडण नीट बघा. दोन्ही बाजूंना खणांच्या पेट्या, मध्ये पाय ठेवायला पोकळी, वर जाड फळी, कधी तिच्यावर हिरवी बनात. खणांना कुलपं. समोरून लाकडी फळीनं बंद. त्यामुळं साहेबाला तुम्ही नखशिखांत दिसता, तुम्हाला साहेब छातीपासून वरच दिसतो. त्याचे खण त्याच्या बाजूला उघडतात. आत काय गेलं, काय आलं, ते तुम्हाला दिसत नाही. मराठीत ‘टेबलाखालून’ हा शब्द कसा आला, हे वेगळं सांगायला नको.

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध टेबल अमेरिकेच्या अध्यक्षांचं. ‘रेझोल्यूट’ नावाच्या ब्रिटिश जहाजाच्या लाकडातून ते बनवून व्हिक्टोरिया राणीनं 1880 साली अध्यक्ष हेज यांना भेट दिलं. ते मुळात समोरून उघडं होतं. पुढं रुझवेल्ट यांनी त्याला समोरून फळी बसवायला सांगितली, कारण पोलिओमुळं त्यांच्या पायांना आधाराच्या पट्ट्या होत्या आणि त्या दिसू नयेत असं त्यांना वाटे. फळी तयार होऊन बसली तोवर ते गेले होते. एका माणसाची अडचण झाकायची फळी, आणि आज सगळ्या जगाला तीच सत्तेची खूण वाटते. आपण सुताराला “समोरून बंद” म्हणून सांगतो तेव्हा आपल्याला नेमकं काय झाकायचं असतं?

9 सप्टेंबर 1942

वडूजच्या माणसाला कचेरी या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागत नाही. ‘छोडो भारत’च्या लढ्यात सातारा जिल्ह्यात मोर्चे निघाले ते मामलेदार कचेऱ्यांवर. 24 ऑगस्टला कराड, 3 सप्टेंबरला तासगाव, 9 सप्टेंबरला वडूज, 10 सप्टेंबरला इस्लामपूर. मागणी एकच, कचेरीवर तिरंगा लागला पाहिजे. वडूजच्या मोर्चाच्या पुढं हातात तिरंगा घेऊन होते वडगावचे परशुराम घार्गे. पोलिसांनी गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दरवर्षी 9 सप्टेंबरला आपण हुतात्मा स्मारकावर जातो, फुलं वाहतो.

त्या दिवशी लोक कचेरीवरच का गेले, याचा विचार मला नेहमी पडतो. गावातल्या शेतकऱ्याला व्हाइसरॉय कधी दिसला नव्हता. लंडन तर लांबच. त्याच्यासाठी इंग्रज सरकार म्हणजे तालुक्याची कचेरी, आणि कचेरी म्हणजे ते टेबल, ज्याच्यासमोर त्याचा बाप आणि आजा टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. सरकार लोकांचं करायचं म्हणजे आधी ती जागा लोकांची करायची.

पुढं 1943 ते 46 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. त्यांची न्यायदान मंडळं गावोगाव भांडणं मिटवत होती. भूमिगतांना कचेरी कुठून मिळणार? निवाडा गावात, गावकऱ्यांसमोर. आणि त्याच्या आधी, 1939 साली, आपल्या तालुक्यातल्याच औंधला राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना देऊन स्वतःची सत्ता सोडली आणि गावपंचायतींच्या हाती कारभार दिला. एकीकडं संस्थानिक आपण होऊन सत्ता सोडतोय, दुसरीकडं तीन वर्षांनी वडूजच्या कचेरीसमोर गोळ्या चालताहेत. दोन्ही गोष्टी याच मातीतल्या.

गोणपाट ते राजगृह

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मोठं टेबल म्हणजे माजच, असं तुम्हाला म्हणायचंय का? तसं मी अजिबात म्हणत नाही. का ते सांगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. शाळेत त्यांना इतर मुलांत बसता येत नव्हतं. कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर, आणि संध्याकाळी ते गोणपाट परत घरी न्यायचं, कारण शाळेचा नोकरही त्याला हात लावत नव्हता. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढं 1917 साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. आता टेबल मिळालं, पण विटाळ नको म्हणून हाताखालचे लोक फायली लांबून टेबलावर फेकत. पदवी असून, हुद्दा असून, टेबल असून ही गत.

तोच माणूस 1930 च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधतो, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. त्या घरातल्या अभ्यासिकेचं टेबल हे घरचं ऑफिसच होतं की. ज्याला बसायला गोणपाट स्वतःचं आणावं लागलं, त्यानं भरपूर मोठ्या टेबलाशी ताठ बसून लिहावं यात माज कसला? तो हक्क आहे. म्हणून आज एखाद्या वस्तीतला पहिला वकील, पहिली सीए झालेली मुलगी घरात चांगलं भक्कम टेबल करून घेते तेव्हा मला ते बघून बरंच वाटतं. ज्यांच्या तीन पिढ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, त्यांच्या चौथ्या पिढीनं टेबलामागं बसावंच.

उलटं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, पुढं त्याचं सेवाग्राम झालं. तिथल्या बापू कुटीत आजही त्यांची बैठक आणि बैठं डेस्क बघायला मिळतं. व्हाइसरॉयला जाणारी पत्रं तिथून लिहिली गेली. समोरचा मोठा असो की छोटा, तोही चटईवरच बसणार.

एकानं टेबल मिळवलं, एकानं सोडलं. दोघांच्याही बाबतीत बघायची गोष्ट एकच, समोरच्या माणसाला जागा काय मिळते.

दफ्तर घरातून गेलं, आणि परत आलं

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 सालीच कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं रद्द झाली. गावचं दफ्तर खासगी घरातून बाहेर पडलं आणि बदली होणाऱ्या सरकारी नोकराकडं आलं. ही फार मोठी गोष्ट होती, आज तिची आठवणही आपण काढत नाही.

टेबलाचं माहात्म्य मात्र गेलं नाही. गोदरेजनं 1923 साली पोलादी कपाट आणलं, पुढं सगळीकडं लोखंडी टेबलं आली. लाकडाचं लोखंड झालं, पण भाषा बघा. “ते टेबल सध्या कुणाकडं आहे?” “फाईल कुठल्या टेबलाला अडकलीय?” आपण माणसाचं नाव घेतच नाही, टेबलाचं घेतो.

यावर इलाज काढणारे अधिकारीही महाराष्ट्रात झाले. 1980 च्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतल्या कागदांची वर्गवारी आणि कामाची मांडणी अशी बदलली की ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द राज्यभर झाला. सरकारी कार्यालयांत ‘सहा गठ्ठे’ पद्धत ऐकली असेल. प्रलंबित प्रकरणं, उत्तराची वाट बघत असलेली म्हणजे प्रतीक्षाधीन, ठराविक मुदतीनं पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. कागद किती काळ ठेवायचा तेही ठरलेलं: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग 30 वर्षं, असं करत ‘ड’ वर्ग एक वर्ष. ही पद्धत कुणी खरोखर पाळली तर टेबलावर ढीग राहतच नाही. ढीग नसला की “सापडत नाही, उद्या या” हे वाक्यही राहत नाही.

मग आला माहितीचा अधिकार. महाराष्ट्राचा कायदा 2002 चा, देशाचा 2005 चा. त्यात नुसती नक्कल मागायचा हक्क नाही, फाईल स्वतः बघायचाही हक्क आहे. म्हणजे इतिहासात पहिल्यांदा सामान्य माणूस टेबलाशी खुर्ची ओढून सरकारी कागद वाचायला बसला. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर मिळायला लागला. त्यासाठी तर टेबलासमोर जायचंही काम उरलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण तसं झालं नाही.

सातबारा ऑनलाइन आला, पण तो काढून देणारा, फेरफाराची नोटीस समजावणारा, रिटर्न भरणारा, अनुदानाचा अर्ज करणारा, खरेदीखताचा मसुदा करणारा माणूस लागतोच. तो आता कुठं बसतो? आपल्या घरच्या ऑफिसात. रस्त्याच्या बाजूचं दार, मोठं टेबल, समोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्याच्या खणात लोकांची आधार कार्डं, मूळ खरेदीखतं, मृत्युपत्रं, सह्या केलेले कोरे चेक. म्हणजे गावच्या लोकांचे कागद पुन्हा एकदा खासगी घरात आले. मोडीच्या जागी इंग्रजी पोर्टल आणि ओटीपी आला, आणि जे वाचून दाखवलं जाईल ते खरं मानणारी माणसं अजून तीच आहेत.

म्हणून मी म्हणतो, घरच्या ऑफिसचं टेबल ही नुसती घरची बाब राहिलेली नाही.

आता घ्यायचंच आहे तर

ज्यांना ऑर्डर द्यायची आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. दोन-चार जुन्या सुतारांशी बोलून आणि स्वतः बरीच टेबलं बघून सांगतोय.

माप. एकट्यानं कॉम्प्युटरवर काम करायचं तर चार बाय दोन फूट पुरतं. समोर माणसं बसणार असतील आणि कागद पसरावे लागणार असतील तर पाच बाय अडीच हवं. सहा बाय तीन घ्यायचं तर खोली किमान दहा बाय दहा असावी, नाहीतर टेबल खोलीत राहतं आणि माणसं दारात उभी राहतात. उंची 30 इंचाच्या आसपास, मधली पायांची पोकळी दोन फुटांपेक्षा कमी नको. आणि आधी दाराचं माप घ्या. जुन्या घरांची दारं अरुंद असतात. वरची फळी वेगळी आणि खणांच्या दोन्ही पेट्या वेगळ्या, अशा तीन भागांत करायला सांगा. पुढं घर बदललं तरी टेबल बरोबर येईल.

लाकूड. आलापल्ली-बल्लारशाकडचं सागवान नावाजलेलं आहे, पण सगळं टेबल सागवानात करायचं तर खिसा बघावा लागेल. चौकट सागवानी आणि फळी चांगल्या प्लायवूडची, हा मधला मार्ग. भुशाच्या दाबलेल्या फळीवर पाणी सांडलं की ती फुगते. लाकूड वाळलेलं आहे ना हे बघा. आपल्याकडचा उन्हाळा ओल्या लाकडाला माफ करत नाही, एप्रिलमध्ये फळीला चीर पडते. वाळवीचं औषध आतूनही मारून घ्या.

काच शक्यतो टाळा. दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते, आणि काच आली की तिच्याखाली नेत्यांबरोबरचे फोटो आपोआप येतात. कामाला आलेल्या माणसानं ते फोटो बघून आधीच गप्प बसावं असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि आता समोरची बाजू, जी आपण सुताराला कधीच सांगत नाही. वरची फळी समोरच्या बाजूला दहा-बारा इंच पुढं काढायला सांगा. मग समोरच्याला खुर्ची जवळ ओढून, गुडघे आत घालून, फळीवर कागद ठेवून नीट वाचून सही करता येते. टेबल समोरून सपाट बंद असलं की म्हातारा माणूस कागद मांडीवर घेऊन सही करतो. मांडीवर कागद कुणी वाचत नाही. नुसता अंगठा किंवा सही होते. दहा इंच फळीचा हा फरक आहे.

समोरच्या खुर्च्या आपल्या खुर्चीच्याच उंचीच्या घ्या. कॉम्प्युटरचा पडदा तिरका ठेवा, अर्ज भरताना काय भरतोय ते अर्जदाराला दिसू दे. खणांना कुलूप जरूर लावा, ते लोकांचे कागद आहेत. पण मूळ कागद घेतला की पोच द्या, आणि काम झालं की कागद परत द्या. सहा गठ्ठे सरकारी कचेरीलाच लागतात असं नाही, घरच्या ऑफिसलाही लागू पडतात.

हे सगळं फार आदर्शवादी वाटत असेल तर आपल्याच माणसांचा धंदा बघा. खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभरातल्या शहरांत सोनं-चांदी गाळायचं काम करतात. पिढ्यान् पिढ्या त्यांची बैठक गादीवरची. भाषा वेगळी, गाव अनोळखी, समोरच्याच्या हातात त्याच्या घरचं सोनं. तिथं विश्वास कशानं येतो? काटा दोघांच्या मधोमध असतो, आणि दोघांनाही दिसतो. ज्या दिवशी काटा गादीमागं जाईल त्या दिवशी धंदा बसेल. घरच्या ऑफिसातला कागद हा तसाच काटा आहे, तो मधोमध दिसला पाहिजे.

तेव्हा टेबल मोठं घ्या, सागवानी घ्या, ऐपत असेल तर कोरीव काम करून घ्या. कुणी नावं ठेवणार नाही. फक्त सुताराला उरलेले पैसे द्यायच्या आधी एकदा टेबलाच्या पलीकडं जा, त्या समोरच्या खुर्चीत बसा, आणि एखादा कागद हातात घेऊन वाचून बघा. वाचता आला तर टेबल चांगलं झालं.

शेवटी एक विनंती. आपल्या भागातल्या अनेक जुन्या घरांत माळ्यावर बैठी डेस्कं, दौती, फडक्यात बांधलेले मोडी कागद अजून पडून आहेत. नवीन घर बांधताना डेस्क भंगारात आणि कागद चुलीत जातात. तसं करू नका. कुणाकडं असतील तर मला फोटो पाठवा, मोडी वाचणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत, गाठ घालून देईन. काय सांगावं, तुमच्याच शेताच्या बांधाची गोष्ट त्यात निघेल. आणि या वेळी ती वाचायला कुणाच्या ओसरीसमोर उभं राहावं लागणार नाही.